डिफेक्टिव्ह पीस

‘डिफेक्टिव्ह पीस’ ही आपल्या होस्टेलमधली सध्याची सगळ्यात लोकप्रिय शिवी. मेसच्या लाइनीत कुणाच्या हातून ताट सांडलं, डिफेक्टिव्ह पीस. एम-थ्री दुसऱ्यांदा राहिलं, डिफेक्टिव्ह पीस. आमच्या विंगमधल्या एका पंख्यालाही हे नाव पडलंय, कारण रेग्युलेटर कुठेही फिरवा, तो आपल्याच मनाच्या स्पीडने फिरतो. शिवीबद्दल माझी काही तक्रार नाही, होस्टेलला शिव्या लागतातच. तक्रार आहे ती ‘दोष म्हणजे टाकाऊ’ या समीकरणाबद्दल. हे समीकरण डोक्यात घेऊन आपण लॅबमध्ये जातो आणि तिथे मात्र ते महागात पडतं.

आधी जरा खाली पार्किंगमध्ये चला. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सिक्स इंजिनाची कुठलीही फ्युएल इंजेक्शनवाली बाइक बघा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो सांगतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. अशा पुष्कळ सेन्सरांच्या पोटात झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. आता गंमत अशी की शुद्ध झिर्कोनिया या कामाला अजिबात चालत नाही. भट्टीतून काढून थंड करताना त्याच्या स्फटिकाची रचना बदलते, आकारमान वाढतं आणि वस्तू तडकते. मग त्यात मुद्दाम भेसळ करतात. झिर्कोनियमच्या काही अणूंच्या जागी यिट्रियम बसवतात. झिर्कोनियमवर चार धन प्रभार, यिट्रियमवर तीनच. हिशोब कुठेतरी जुळवायला हवा, म्हणून दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेलाच ‘व्हेकन्सी’ म्हणतात. सिरॅमिक तापलं की शेजारचा ऑक्सिजन आयन त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे पुढचा येतो... एसटीत एक सीट रिकामी झाली की अख्खी गाडी सरकते तसंच. या सरकण्यातून जे व्होल्टेज मिळतं (मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१) त्यावर बाइकचा कॉम्प्युटर चालतो. जागा रिकामी नसती तर कुणीच हललं नसतं!

नर्न्स्टने १८९९ सालीच या पदार्थाची कांडी तापवून दिवा पेटवला होता. पण वीज नक्की कुठून वाहते याचा उलगडा कार्ल वॅग्नरने केला तो १९४३ मध्ये, आणि बॉशचा सेन्सर गाडीत बसला १९७६ साली, व्होल्वोच्या. म्हणजे ‘याचा उपयोग काय?’ असं सेमिनारमध्ये विचारणाऱ्यांनी पाऊणशे वर्षं थांबायची तयारी ठेवावी.

फ्रेंकेलने १९२६ मध्ये आणि पुढे शॉट्की व वॅग्नर यांनी १९३० मध्ये जे मांडलं ते तर आणखी मजेशीर आहे. निरपेक्ष शून्याच्या वरच्या कुठल्याही तापमानाला स्फटिकात काही जागा रिकाम्या असणारच. एक जागा रिकामी करायला ऊर्जा लागते हे खरं, पण त्यामुळे एन्ट्रॉपी वाढते. या दोघांच्या ओढाताणीत तोल कधीच शून्य दोषांवर येत नाही. तापमान वाढवलं की रिकाम्या जागा भराभर वाढतात. पहिल्या वर्षाला आपण हे सूत्र पाठ करून सोडून दिलं. पण त्याचा अर्थ असा की निर्दोष स्फटिक ही फक्त पुस्तकातल्या आकृतीतली गोष्ट आहे.

आता माझ्या ब्रँचचं उदाहरण, कारण खरा मुद्दा इथेच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर वायरला लागून चकत्या-चकत्यांचे दांडके लटकलेले असतात, ते सर्ज अरेस्टर. वीज कडाडली की लाइनीवर येणारा जादा दाब जमिनीत सोडायचं त्यांचं काम. आपल्या अंबडच्या एमआयडीसीत सीजी पॉवर, म्हणजे पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज, हे अरेस्टर बनवते. वरच्या चकत्या असतात आवरणाच्या. आत झिंक ऑक्साइडचे ठोकळे एकावर एक रचलेले असतात. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या मात्सुओका यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस हा पदार्थ शोधला आणि १९७१ मध्ये त्यावर लेख लिहिला. झिंक ऑक्साइडमध्ये थोडं बिस्मथ ऑक्साइड आणि आणखी काही ऑक्साइडं मिसळून भट्टीत भाजलं की बारीक बारीक कण एकमेकांना चिकटतात. दोन कणांच्या सीमेवर दोष गोळा होतात आणि तिथे साधारण ३ व्होल्टचा एक अडसर तयार होतो. कण समजा १० मायक्रॉनचा, तर एका मिलिमीटरमध्ये असे शंभर अडसर, म्हणजे सुमारे ३०० व्होल्ट. दाब तेवढ्यापर्यंत असेल तोवर ठोकळा जवळजवळ इन्सुलेटर. त्यापुढे गेला की कोसळतो. करंट हा व्होल्टेजच्या पन्नासाव्या घाताच्या प्रमाणात धरा आणि कॅल्क्युलेटरवर १.१ चा पन्नासावा घात काढून बघा. दाब फक्त दहा टक्के वाढला तर करंट ११७ पट! हे सगळं कशाच्या जिवावर, तर कणांच्या सीमेवरच्या अणूंच्या दोषांच्या. कारखान्यातली पावडर अतिशुद्ध करून एकसंध स्फटिक बनवला तर अरेस्टर बनणारच नाही.

पण हेच दोष घातही करतात. झिंकचे काही अणू आपली जागा सोडून मधल्या फटीत शिरलेले असतात. लाइनीचा दाब वर्षानुवर्षं लागून राहिला की ते हळूहळू सीमेकडे सरकतात आणि अडसर खचवतात. गुप्ता आणि कार्लसन यांनी १९८५ मध्ये याचं चित्र मांडलं. ठोकळे बनवल्यानंतर सुमारे ६०० अंशांना पुन्हा तापवले की हे भटके अणू कमी होतात, हेही त्यात नीट बसतं. सरकणं थांबलं नाही तर काय होतं? गळती करंट वाढतो, ठोकळा तापतो, तापला की करंट आणखी वाढतो आणि एके दिवशी अरेस्टर फुटतो. याची आगाऊ सूचना एकच: काही मायक्रोअँपिअरने वाढलेला गळती करंट. मागच्या वर्षीपेक्षा जरासं वेगळं रीडिंग, बस्स. सबस्टेशनमधल्या माणसाने ते ‘मागच्या वर्षीसारखंच आहे’ म्हणून लिहून टाकलं की संपलं.

आणि ही सवय आपल्याला कुठे लागते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

त्याकडे येतोच, पण आधी थोडं शेतात जाऊ. गंगापूर रोडवर शिकून शेताबद्दल बोलायचं नाही म्हणजे गंमतच. आनंदवली आणि सोमेश्वर मागे पडले की हा रस्ता धरणाकडे जातो, एका बाजूला वाइनच्या द्राक्षांच्या बागा, पुढे गिरणारे आणि तिथला टोमॅटोचा बाजार. मी स्वतः दिंडोरी तालुक्यातला. घरी द्राक्षबाग, त्यामुळे छाटणीच्या दिवसांत सुट्टी घेण्यावरून वर्गशिक्षकांशी दरवर्षी बोलणी करावी लागतात.

द्राक्ष कुणी बी पेरून लावत नाही. खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी भरायची. म्हणजे थॉमसनच्या सगळ्या बागा ही एका अर्थी एकच वेल आहे, तुकडे करून पसरलेली. सगळ्यांचं जनुकांचं पुस्तक एकच. मग एकाच वेलीतून तास-ए-गणेश आणि सोनाका कशा निघाल्या? तर मूळ वेलीच्या एखाद्या फांदीत बदल झाला, मणी लांबट झाले किंवा घड वेगळा आला, आणि कुणाच्या तरी ते नजरेत भरलं. तास-ए-गणेश ही तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची निवड. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची. काळी शरद सीडलेसही त्यांचीच, ती किशमिश चोर्नीतून निघाली. जनुकांचा क्रम वाचायचं यंत्र यांच्यापैकी कुणाकडे नव्हतं. वेगळी दिसली म्हणून त्यांनी ती काडी कापून फेकली नाही, जपली, तिच्यावरून नवी रोपं केली आणि पुढच्या हंगामातही ती तशीच राहते का ते पाहिलं. आपल्याकडे याला संशोधन म्हणायची पद्धत नाही. मी म्हणतो.

थॉमसन सीडलेसमधला बिनबियांचा गुणसुद्धा एक दोषच. एका जनुकातलं एक अक्षर बदललं म्हणून बी वाढता वाढता थांबतं, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पांढरी द्राक्षं पांढरी का? रंग चालू करणाऱ्या जनुकाजवळ डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसला म्हणून, असं जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. हे उडते तुकडे सगळ्यात आधी बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांत ओळखले, चाळीसच्या दशकात. त्यांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये. मधली तीसेक वर्षं बहुतेकांना तो एक चमत्कारिक अपवादच वाटत होता.

यापुढची गोष्ट जास्त विचित्र आहे. कधीकधी पुस्तकातलं एकही अक्षर बदललेलं नसतं, तरी झाड बदलतं. आपण सीनिअरकडून अर्ध्या किमतीत लोकल ऑथरचं पुस्तक घेतो ना, तसं समजा. छापील मजकूर नव्या पुस्तकात असतो तोच. पण सीनिअरने काही पानांवर पेन्सिलने ‘हे येत नाही’ लिहून ठेवलेलं असतं, आणि आपण ती पानं वाचतच नाही. डीएनएवर अशा पेन्सिलच्या खुणा म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. ते जनुकाच्या सुरुवातीला चिकटले की ते जनुक बहुधा गप्प बसतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. प्राण्यांमध्ये पिढी बदलताना या खुणा बऱ्याच अंशी पुसल्या जातात. वनस्पतींमध्ये मात्र त्या पुष्कळदा बियांतूनही पुढे जातात. पुस्तक ज्युनिअरला विकताना खोडरबर कुणी वापरत नाही, तसंच.

लिनियसने १७४४ मध्ये लिनारियाच्या एका विचित्र रोपाचं वर्णन केलं होतं. नेहमीचं फूल एकाच बाजूने सारखं, पण याचं फूल पाचही बाजूंनी सारखं. अडीचशे वर्षं हा म्युटेशनचा नमुना असावा असं वाटत राहिलं. १९९९ मध्ये इंग्लंडच्या एन्रिको कोएन यांच्या गटाने त्याचं जनुक वाचलं तर अक्षरं जवळपास जशीच्या तशी. फक्त त्यावर मिथाइलच्या खुणा भरपूर, आणि जनुक गप्प. काही फांद्यांवर खुणा विरळ झाल्या की फुलं पुन्हा नेहमीच्या आकाराकडे झुकत. टोमॅटोतही २००६ मध्ये असं एक उदाहरण सापडलं, कधीच लाल न होणाऱ्या फळाचं. पुढच्या जनुक-संपादनाच्या प्रयोगांनी त्यात गुंतागुंत वाढवली, कारण ते जनुक मुद्दाम मोडलं तर फळ फक्त थोडं उशिरा पिकतं. म्हणजे कथा अजून पूर्ण झालेली नाही. गिरणाऱ्याच्या व्यापाऱ्याला विचाराल तर ‘न पिकणारा माल’ ऐकून तो आधी भाव विचारेल!

आपल्या रस्त्याशी सगळ्यात जवळचं काम २०१७ चं, ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातलं. शिराझच्या २२ बागांतली पानं घेऊन मिथाइलच्या खुणा मोजल्या, तर खोऱ्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या वेलींच्या खुणा वेगळ्या दिसल्या. वेल तीच, पुस्तक तेच, पण जागा आणि छाटणीची पद्धत पेन्सिलने काहीतरी लिहून गेली असावी. वाइनवाले ज्याला मातीची चव म्हणतात त्यात याचा काही हिस्सा आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. धरणाच्या बाजूची बाग आणि निफाडच्या काळ्या मातीतली बाग यांच्यात काय फरक निघेल, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही पडू शकतो.

हे सगळं रूमवर मोठ्या उत्साहाने सांगत होतो तेव्हा माझा रूम पार्टनर म्हणाला, “तुझं काय जातंय? आमच्याकडे ये आणि म्हण की दोष चांगला!” तो रावेरचा, घरी केळी. टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. त्याचं म्हणणं असं की रोपवाटिकेतून हजारो रोपं आणायची ती सगळी एकसारखी यावीत म्हणून. त्यात काही खुजी किंवा वेड्यावाकड्या पानांची निघाली की खत, पाणी, मजुरी सगळं वाया. त्याचं खरंच आहे. बाटलीत पेशी पुन्हा पुन्हा वाढवल्या की असे बदल वाढत जातात, म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा एका मूळ कंदापासून किती वेळा रोपं काढायची त्याला मर्यादा घालतात. याहून मोठा फटका तेलताडाला बसला. टिश्यू कल्चरच्या झाडांना मधूनच विकृत फळं येऊ लागली आणि तेलाचा उतारा घसरला. झाड फळावर येईपर्यंत काही कळायचं नाही, आणि तोवर काही वर्षं गेलेली. कारण सापडलं २०१५ मध्ये, मलेशियातल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली. एका जनुकाच्या आत बसलेल्या ‘कर्मा’ नावाच्या उडत्या तुकड्यावरच्या मिथाइल खुणा पुसल्या गेल्या होत्या. खुणा शाबूत तर ‘गुड कर्मा’, पुसल्या तर ‘बॅड कर्मा’. हे विनोदाने म्हणत नाही, त्या शास्त्रज्ञांनीच तसं नाव दिलंय. आता रोप लहान असतानाच पान तपासून फळ कसं येईल ते ओळखता येतं.

तेव्हा दोष चांगला की वाईट या वादात मला पडायचं नाही. सोनाकाची फांदी आणि रावेरचं खुजं केळ, दोन्ही एकाच यंत्रणेची पोरं आहेत. झिंक ऑक्साइडच्या सीमेवरचा दोष लाइन वाचवतो आणि फटीतला दोष अरेस्टर फोडतो. कुठला दोष कुठे आहे हे कळायचं असेल तर तो आधी नोंदवला पाहिजे. माझं भांडण आहे ते पुसून टाकण्याशी.

आता आपल्या लॅबकडे. एका लॅबमध्ये चार नंबरच्या टेबलावर एक डीसी शंट मोटर आहे. तिचं स्पीड कंट्रोलचं रीडिंग वरच्या टोकाला हटकून वाकडं येतं. आमच्या बॅचला आलं, पुढच्या बॅचला आलं. आमच्या आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये मात्र ग्राफ एखाद्या सुवाच्य अक्षरासारखा गुळगुळीत. मी आलं तेच लिहिलं. जर्नल परत आलं, लाल शाईत शेरा: ‘रीडिंग पुन्हा घ्या.’ पुन्हा घेतलं, पुन्हा तेच आलं. मग मित्रांनी प्रेमाने सल्ला दिला, “अरे, मागच्या वर्षीचं घे आणि शेवटचा अंक बदल.” मोटरचे ब्रश झिजले असतील, मीटर चुकत असेल किंवा आणखी काही असेल. ते बघायला कुणाला वेळ नाही, कारण सगळ्यांच्या जर्नलमध्ये मोटर ठणठणीत आहे.

सरांची बाजू मला कळते. दोन तासांत वीस मुलं, टेबलं चार, आणि एक्स्टर्नल आले की ते ग्राफ सरळ आहे का तेवढंच बघतात. वाकडा ग्राफ म्हणजे मुलाने काम नीट केलं नाही, ही शंका यायचीच, आणि पुष्कळदा ती खरीही असते. पण त्यावर उपाय म्हणून मुलांना रीडिंग घडवायला शिकवणं हे मला पटत नाही. इथे चार वर्षं मागच्या वर्षीचा आकडा उतरवायची सवय झालेला मुलगा पुढे सबस्टेशनमध्ये नोकरीला लागतो, आणि तिथे त्याच्या हातात गळती करंटचं रजिस्टर येतं. त्याने काय लिहावं अशी आपली अपेक्षा आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक टेबलाला एक साधी शंभर पानी वही दोरीने बांधून ठेवावी. बॅचने न जुळलेलं रीडिंग तारीख घालून त्यात लिहावं, जर्नलमध्येही तेच ठेवावं, आणि ते का आलं असेल यावर टर्म वर्कचे दोन-तीन मार्क द्यावेत. कारण चुकलं तरी चालेल, आकडा खरा हवा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच ऑटोमॅटिक पंप कंट्रोलर करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपला जुन्या, काढून टाकलेल्या अरेस्टरचा गळती करंट तापमानाबरोबर मोजू द्या. दुसऱ्या एखाद्या ग्रुपला याच रस्त्यावरच्या केटीएचएमसारख्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मुलांबरोबर दोन बागांची पानं गोळा करू द्या. मिथाइलच्या खुणा असल्या-नसल्यावर डीएनए कापणारी एन्झाइमं मिळतात, त्यांचं काम त्यांना माहीत आहे, आकडेमोड आपण करू. पानं हवी असतील तर आमच्या बागेतली देतो, फक्त छाटणीच्या आधी सांगा.

आणि वहीची सुरुवात चार नंबरच्या टेबलापासून करता येईल. दोन बॅचची न बदललेली रीडिंग्ज मी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवली आहेत. ज्यांना ब्रश उघडून बघायची परवानगी मिळेल त्यांनी येऊन घेऊन जावीत.